अख्खा नान

होसियत आपाचा तंदूर तीस वर्षांत दोनदाच थंड राहिला. एकदा तिचा नवरा गेला त्या दिवशी, आणि एकदा त्या रविवारी, जेव्हा ती पाच वर्षांच्या नातीचा हात धरून आमच्या थिएटरात संगीत नाटक बघायला आली. पहिल्या वेळी मोहल्ल्याने समजून घेतलं. दुसऱ्या वेळी मोहल्ला आदल्या दिवशीचा नान चहात बुडवून खात बसला आणि तिच्या नावाने बोटं मोडत राहिला. तिला त्याचं काहीही वाटलं नाही.

मी तिच्या समोरच्या घरात राहतो. नाव तोल्किन. थिएटरातलं सामानाचं कपाट माझ्या ताब्यात असतं. तलवारी, किटल्या, पत्रं, पाळणे, नटांच्या हातात जे जे दिसतं ते माझ्याकडून जातं आणि माझ्याकडे परत येतं, निदान यायला हवं. बावीस वर्षांत माझ्या हातून एकच मोठी चूक झाली. ती याच रविवारी झाली, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

आधी आपाबद्दल. तिचा बाप आमच्या थिएटरचा बॉयलर पेटवायचा. लहानपणी ती त्याच्याबरोबर तळघरात कोळशाच्या ढिगावर बसून वरची गाणी ऐकायची. वर यायला मनाई होती, कारण दारावर तेव्हाही तीच पाटी होती: सात वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. तिला सात पूर्ण व्हायच्या आत बापाची नोकरी गेली. पुढे लग्न झालं, तंदूर आला, आणि नाटक दुपारी असो की संध्याकाळी, पहाटे एकदा भट्टी पेटली की दिवसभर सुटका नाही. त्यामुळे आमचं जुनं नाटक, युद्धावर गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या आईचं, तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे, पण बघितलेलं मात्र एकदाही नव्हतं. पहाटे चार वाजता कोपरापर्यंतचा जाड हातमोजा घालून ती तंदुराच्या तोंडात वाकते, कणकेचा गोळा आतल्या भिंतीवर थापते आणि त्याच तालावर आईचं गाणं म्हणते. आवाज बसका आहे, पण सूर पक्का. आमच्या नटीपेक्षा पक्का. हे मी नटीच्या तोंडावर बोललो होतो आणि त्याबद्दल महिनाभर तिचा अबोला सोसला.

त्या नाटकात नान लागतो. मुलगा निघताना नानाचा एक घास चावतो, आई उरलेला नान भिंतीवर टांगते, आणि परत आल्यावर त्याने तो संपवायचा. आमच्याकडे प्रत्येक घर हेच करतं, मग जाणारा लष्करात जाणारा असो की रशियात विटा रचायला. कुणाकुणाच्या भिंतीवर तीन-तीन नान लटकलेले असतात. नाटकासाठीचा नान इतकी वर्षं आपाच द्यायची. प्रत्येक प्रयोगाला ताजा, वर कलौंजी पेरलेला, मधोमध नक्षीचा ठसा उमटवलेला.

चौदा महिन्यांपूर्वी तिचा स्वतःचा मुलगा इल्होम रशियात गेला. तो कसा गेला हे मोहल्ल्यात फक्त मला माहीत आहे, कारण पहाटे मी आमच्या फाटकासमोर पाणी शिंपडून झाडत होतो. रात्रभर मायलेकांचं वाजलं होतं. तिला तो तंदुरावर हवा होता. त्याला तंदूर नको होता. "मिशा जाळून घ्यायला मी जन्मलो नाही," तो म्हणाला. "मग जा, परत तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली. पहाटे तो पिशवी घेऊन गाडीत बसला आणि ती हातात नान घेऊन अनवाणी धावत बाहेर आली. गाडी थांबली नाही. इल्होमने मागे बघितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण गाडी थांबवली नाही.

आपा रस्त्यात उभी राहिली. मग तिने त्या नानाचा एक घास स्वतः चावला, आत गेली आणि तो भिंतीवर टांगला. नात झोपेतून उठली तेव्हा तिला सांगितलं, "बघ, तुझ्या बाबाने चावून ठेवलाय." त्या दिवसापासून माय आणि लेक एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. तो बायकोला फोन करतो, पोरीला फोन करतो, अगदी मलाही करतो. आपा त्या वेळी उठून अंगणात जाते.

आता माझ्या कपाटाकडे येतो. गेल्या वर्षी थिएटरला नवे संचालक आले, कुद्रत नबीयेविच. माणूस वाईट नाही, पण उंदरांना फार घाबरतो. माझ्या कपाटात त्याला नानाचा चुरा दिसला आणि फर्मान निघालं की यापुढे रंगमंचावर खरं अन्न नको. मी कागदाचा लगदा, डिंक आणि रंग घेऊन दोन नान बनवले. एक अख्खा, पहिल्या अंकासाठी. एक घास तुटलेला, पुढच्या अंकांत भिंतीवर टांगायला. मला अभिमान वाटला, म्हणून मी ते आपाला दाखवायला नेले. तिने अख्खा उचलला आणि टिचकी मारून बघितला.

"कागद?" ती म्हणाली.

"दुरून ओळखू येत नाही, आपा."

"जवळून? त्या पोराला चावायचाय ना तो? कागद चावून गेलेला माणूस कधी परत यायचा, तोल्किन? कागद चावायला तो बकरी आहे का?" आणि तिने आतून मार्जोनाला हाक मारली. "ये गं, तोल्किन अकाने उंदरांसाठी नान केलाय, बघायला ये."

मार्जोना म्हणजे तिची नात. पाच वर्षांची, आजीला बुवी म्हणणारी, पुढचे दोन दात पडलेले, आणि एकदा प्रश्न विचारायला लागली की समोरच्याला घाम फुटतो. तिने दोन्ही नान उलटसुलट करून बघितले, घासाच्या जागी बोट फिरवलं आणि परत दिले.

तेव्हाच आपाने जाहीर केलं की रविवारी दुपारच्या प्रयोगाला ती नातीला घेऊन येणार. मी म्हटलं, आपा, त्यात काळं पत्र येतं, मुलगा मेल्याचं. पोर घाबरेल.

"शेवटी तो येतो ना परत?"

"येतो."

"मग झालं. ही मला रोज विचारते. बाबा येईल तेव्हा दार वाजवेल की तसाच आत येईल? आधी कुणाला भेटेल? पाऊल कुठलं टाकेल? मी काय सांगू? मी कुणाला परत आलेलं बघितलंय? तिला एकदा कुणीतरी परत येताना दिसू दे. मग ती वाट बघेल, माझ्यासारखी. आणि पत्र आल्यावरही ती आई नान काढत नाही, हेही बघू दे."

ती असं का म्हणते ते मला माहीत होतं. आपाच्या घरात सुनेच्या माहेरची माणसं येऊन बसायची आणि म्हणायची की इल्होम आता येत नाही, तिकडेच कुणी बघितली असेल, कशाला तो बुरसटलेला नान टांगून ठेवलाय. पोर हे सगळं ऐकायची. आपा त्यांना चहा ओतायची आणि पेला काठोकाठ भरायची; आमच्याकडे त्याचा अर्थ, आता उठा.

रविवारी नेमके प्रांताच्या कार्यालयातून पाहुणे येणार होते. संचालक स्वतः दारात उभे, नवीन टाय बांधून. आपा ठेवणीतला रेशमी अंगरखा घालून, काखेत दस्तरखानात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. मार्जोनाच्या डोक्यावर नवी टोपी.

"किती वर्षांची?" संचालकांनी विचारलं.

"पाच."

मी मागून हातवारे करत होतो, सात सांगा, सात. तिने मला बघितलं आणि आवाज चढवला. "पाच! पुढच्या नवरोजला सहा. खोटं बोलून आत शिरायला मी काही चोर नाही."

"मग आजी, पाटी वाचा."

"वाचली. साठ वर्षांपूर्वी वाचली. तेव्हा मी खाली कोळशावर बसले. ही बसणार नाही."

आणि ती दारातच उभी राहिली. आत जाईना, बाहेर जाईना. मागे रांग वाढत गेली. संचालक हळू आवाजात विनवायला लागले, मग थोड्या मोठ्या आवाजात. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सोडा हो आत! तिच्या हातचा नान खाल्ला नाही असा एक तरी आहे का इथे?" दुसरा म्हणाला, "संचालकसाहेब, सकाळी आम्ही शिळं खाल्लंय, आता तरी तिला बसू द्या!" रांग हसायला लागली. इतक्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. पाहुण्यांसमोर दारात भांडण दिसण्यापेक्षा आत एक पोर बसलेली बरी, असा हिशेब नबीयेविचांनी केला असावा. ते बाजूला झाले. आपा पाचव्या रांगेत, मधल्या वाटेजवळ बसली आणि मार्जोनाला मांडीवर घेतलं, म्हणजे तिला पुढच्या माणसाच्या डोक्यावरून दिसेल.

पहिला अंक झकास झाला. मुलगा झालेला आमचा नट सरदोर, त्याने कागदाच्या नानाला दात लावल्यासारखं केलं आणि निघाला. आई झालेल्या मुनव्वर आपांनी नान डोक्यावर धरून गाणं म्हटलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. रंगमंचाकडे बघायला हवं होतं, पण मी होसियत आपाकडे बघत होतो. तिचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं. साठ वर्षं जे गाणं छताच्या पलीकडे होतं ते तिच्या समोर उभं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि त्या बरं वाटण्याच्या भरात, मध्यंतरात, मी कपाटातून नान काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. अख्खा.

दुसरा अंक सुरू झाला. टपालवाला काळं पत्र घेऊन आला. मुनव्वर आपांनी ते वाचलं, खाली बसल्या, भिंतीकडे हात केला. वाद्यं थांबली. गाण्याआधी तिथे चार श्वासांची शांतता असते. त्या शांततेत पाचव्या रांगेतून आवाज आला.

"बुवी! त्याने चावलाच नाही! नान अख्खा आहे!"

सगळ्या सभागृहाने भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. घास तुटलेला नान कपाटातच राहिला होता.

"अख्खा आहे!" मार्जोना आता मांडीवर उभी राहिली होती. "तो न चावता गेला! मग तो येणार कसा?"

कुणी हसलं नाही. दुसऱ्या गावात कदाचित हसले असते. आमच्या सभागृहात तीनशे माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी कुणीतरी चावलेला नान भिंतीवर होता. मागच्या रांगेत एक बाई मोठ्याने "तौबा, तौबा" म्हणाली. दोन म्हाताऱ्या उठून बाहेर निघाल्या, त्यांना हा अपशकुन बघवेना. मुनव्वर आपा भिंतीकडे हात केलेल्या तशाच बसल्या होत्या आणि डोळ्यांनी मला खात होत्या.

नबीयेविच मधल्या वाटेने धावत आले. "बस झालं, आजी. पोरीला घ्या आणि बाहेर चला. म्हणूनच ती पाटी लावलेली असते."

आपा उठली. "पोर खोटं बोलली का?"

"प्रश्न तो नाही..."

"मग कुठला आहे? तीनशे मोठी माणसं बसलीत, एकालाही दिसलं नाही. पाच वर्षांच्या पोरीला दिसलं. सातखालच्यांना बाहेर ठेवायचं की सातवरच्यांना, ते एकदा ठरवा."

"आजी, पाहुणे बसलेत!"

"बसू देत. त्यांच्याही घरून कुणी गेलं असेल. तुम्ही हिला काळं पत्र दाखवलंत. आता अर्ध्यातून घरी पाठवता? तो मेला, एवढंच घेऊन ही झोपणार? तो परत आलेला बघितल्याशिवाय ही इथून हलणार नाही, आणि मी तर मुळीच नाही. उचलायचं असेल तर दोन गडी आणा. मी रोज पिठाचं अख्खं पोतं पाठीवर घेते, मला उचलणं सोपं नाही."

असं म्हणून तिने काखेतलं गाठोडं सोडलं. आत आदल्या दिवशी खास राखलेला नान होता, खरा, कलौंजी पेरलेला. संचालकांनी तो तिच्या हातातून घेतला. "बाहेरचं खाणं आत आणायला..."

"पालथा," आपा म्हणाली.

"काय?"

"नान पालथा धरलाय तुम्ही. घरी कुणी शिकवलं नाही?"

नान पालथा धरणं आमच्याकडे पाप मानतात; सभागृहातून एक मोठा श्वास ऐकू आला. नबीयेविचांनी हाताकडे बघितलं. राजधानीत शिकलेला माणूस, टाय लावलेला, पण वाढला आमच्याच कुठल्यातरी गल्लीत. त्याने नान चटकन सुलटा केला आणि नकळत कपाळाला लावला. तेवढ्या वेळात तो वादात हरला होता आणि हे त्यालाही कळलं. मार्जोनाने खालून हात पसरले. त्याने नान तिच्या हातात दिला.

पोर वाटेने सरळ चालत रंगमंचापाशी गेली, टाचा उंचावून नान फळ्यांवर ठेवला आणि म्हणाली, "त्याला बोलवा. चावून जाऊ दे."

सरदोर आत शेवटच्या अंकाच्या तयारीत होता. डोक्याला पट्टी बांधलेली, काखेत कुबडी, जखमी होऊन परतलेला. मी त्याला तसाच ढकलला. तो कुबडी टेकत बाहेर आला, अजून निघालाही नव्हता असा मुलगा, युद्धाहून जखमी होऊन. आता लोक हसले. पण त्याने नान उचलला, मुनव्वर आपांसमोर गुडघ्यावर बसला आणि खराखुरा मोठा घास तोडून चावला, आणि हसणं थांबलं. मुनव्वर आपांनी तो नान माझ्या कागदाच्या जागी टांगला. मग त्यांनी गाणं सुरू केलं. इतकं चांगलं त्यांनी पूर्वी कधीच म्हटलं नव्हतं, आणि या वेळी मी खोडी काढत नाही.

शेवटच्या अंकात तो परत आला. दार न वाजवता आला, डावं पाऊल आधी टाकून. मार्जोनाने ते बोटाने आजीला दाखवलं. त्याने भिंतीवरचा नान काढून खाल्ला, आईला भरवला, आणि उरलेला तुकडा रंगमंचावरून वाकून पोरीला दिला.

बाहेर अंगणात तुतीच्या झाडाखाली आम्ही तिघं थांबलो. मी चुकीची माफी मागत होतो, आपा मला हसत होती. मार्जोना तुकडा खात नव्हती. त्याची कड बोटाने मोजत होती.

"बुवी, त्याचा घास एवढा मोठा होता. बाबाचं तोंड त्याच्यापेक्षा मोठं आहे."

"आहे."

"आपल्या नानाचा घास छोटा आहे. तो तुम्ही चावलात ना?"

मी तुतीच्या पानांकडे बघायला लागलो. मला वाटलं आता आपा काहीतरी बनवून सांगेल. मी तिच्या जागी असतो तर सांगितलं असतं.

"हो," आपा म्हणाली. "मी चावला. तो माझ्यावर रागावून गेला, चावायला थांबला नाही. मी त्याला जा म्हटलं होतं. वाईट बोलले. मग मीच चावला."

पोरीने तुकडा मुठीत घेतला. "मग आता?"

आपाने एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा थिएटरच्या दाराकडे. मग माझ्यापुढे हात पसरला. "तोल्किन, फोन लाव. तोंड दिसेल असा."

इल्होमने उचलला. तिकडे जेवणाची सुट्टी होती, मागे लांब टेबलं आणि टोप्या घातलेली माणसं. "तोल्किन अका, सलाम..." आणि मग पडद्यावर आईचा चेहरा बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"मी माफी मागायला फोन केलेला नाही," आपा म्हणाली. "तुला जे सांगायचं होतं ते मी मघाशी तुझ्या पोरीला सांगितलं. तुझ्यापुढे नान आहे का?"

"पाव आहे, ओयी. काळा."

"चालेल. उचल. सुलटा धर. चाव."

"ओयी, इथे सगळे..."

"चाव म्हटलं! चौदा महिने मी माझ्या दातांवर तुला धरून ठेवलंय. आता माझे दातही राहिले नाहीत. तुझा तू चाव."

त्याने पाव उचलला. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, पण त्याने चावला. मोठा घास. मार्जोनाने फोन माझ्या हातातून ओढून अगदी डोळ्यांजवळ नेला आणि नीट तपासला. "हा बाबाचाच आहे," ती म्हणाली.

"उरलेला खायचा नाही," आपा मोठ्याने म्हणाली. "कपड्यात बांध आणि घेऊन ये. तंदुरावर ये असं म्हणत नाही मी. नुसता ये." आणि तिने बोलणं संपवलं. फोन कसा बंद करायचा हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो माझ्या खिशात कोंबला. आतून इल्होमचा रडण्याचा आवाज येत राहिला. मी तो बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तंदूर पुन्हा पेटला. तो छोट्या घासाचा नान आपाने भिंतीवरून काढला आणि कुस्करून चिमण्यांना घातला. खिळा तसाच ठेवला. पोरीने तो हलवून बघितला, सैल वाटला, म्हणून मला बोलावून घेतलं. मी चार घाव जास्तच घातले.